इंदूमावशीला गाडी लागते

वऱ्हाडातून काय आणलंस, असं विचारणाऱ्यांना मी संत्री दिली, जवसाची चटणी चमचा-चमचा वाटली आणि उरलेलं तोंडी सांगितलं. एक वस्तू मात्र नवऱ्याखेरीज कोणाला दाखवली नाही. ती आमच्या दुकानात गल्ल्याच्या खालच्या खणात, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली आहे. रबराचे दोन तुकडे. कधी काळी ते घट्ट असणार. आता बोटाने दाबलं तर अति पिकलेल्या चिक्कूसारखे खचतात आणि बोट काळं होतं. "फेकून दे की," नवरा म्हणाला. मी फेकलं नाही.

साताऱ्यात आमचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. नवरा माल आणतो, मी गल्ल्यावर बसते. बसून बसून बाईला काय काय येतं, ते आमच्या गिऱ्हाइकांना विचारा. ब्रेकपॅड कुठल्या गाडीचे, क्लचप्लेट कुठली, हे मी डबा न उघडता सांगते. एवढं ज्ञान असूनही इंदूमावशीच्या बाबतीत मी वर्षानुवर्षं माती खाल्ली.

माझी आई वऱ्हाडातली. तिघी बहिणी. आई थोरली, इंदू मधली, कमल धाकटी. आई लग्न होऊन साताऱ्याला आली, ती आता नाही. इंदूमावशी बाळापूरला, कमलमावशी चांदूर रेल्वेला. दिवाळीनंतर इंदूमावशीच्या मुलाचा, सुधीरचा, फोन आला. कमलमावशीला तिचा मुलगा कायमचा बंगलोरला घेऊन चालला होता, घरसुद्धा रिकामं करणार होते. "ताई, भेटाचं असंन तर याच हप्त्यात या," तो म्हणाला. मी दुकान नवऱ्याच्या गळ्यात टाकलं आणि अकोल्याची गाडी पकडली.

बाळापूरची वाट

अकोला स्टेशनवर सुधीर घ्यायला आला होता. पन्नाशीला टेकलेला, उन्हाने रापलेला, हसला की सगळा चेहरा हसतो असा माणूस. त्याचा मळा बाळापूरच्या अलीकडे आहे. वांगी, मेथी, झेंडू, शेवंती. पहाटे माल अकोल्याच्या बाजारात टाकायचा आणि नंतर जगाच्या भानगडी, असा त्याचा दिवस. सात-आठ वर्षांपूर्वी त्याने एक जुनी मोटार घेतली. "आईसाठी घेतली," असं त्याने तेव्हा फोनवर सांगितलेलं मला आठवतं. पण मागची सीट काढून त्यात क्रेट भरायची सवय लागली आणि गाडी घरच्यापेक्षा झेंडूचीच जास्त झाली. माझ्यासाठी त्याने सीट परत बसवली होती. गाडीत फुलांचा वास होता आणि त्याच्याखाली दुसरा एक, जळक्या तेलाचा.

वऱ्हाडी माणूस पहिल्या पाच मिनिटांत विचारतो ते साताऱ्यात जन्मात कोणी विचारणार नाही.

"किती दिवस राह्यता, ताई?"

आमच्याकडे याचा अर्थ "निघणार कधी" असा होतो. इथे त्याचा अर्थ भाजी किती तोडायची एवढाच. मला हे आईमुळे ठाऊक होतं, तरी क्षणभर टोचलंच.

हमरस्ता मोठा गुळगुळीत झाला आहे. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, मध्ये तुरीचे पिवळे पट्टे. पण सुधीर सवयीने गावाच्या बाजूच्या उखडलेल्या रस्त्याला लागला आणि खालून आवाज सुरू झाला. कट्. कट्-कट्. वळणावर गाडी एका बाजूला झुकली आणि सरळ व्हायला तिने जरा जास्तच वेळ घेतला. मी घाटात गाडी चालवणारी बाई. माझ्या पोटात ढवळलं. रात्रभर प्रवास झाला, जागरण झालं, असं मी स्वतःला सांगितलं. गल्ल्यावर हाच आवाज कोणी तोंडाने काढून दाखवला असता, तर मी डोळे मिटून डबा काढून दिला असता.

इंदूमावशी दारातच उभी होती. गुडघ्यांनी वाकलेली, बाकी तशीच. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला, आईची आठवण काढून रडून घेतलं आणि डोळे पुसता पुसता पाट मांडला. ज्वारीची भाकर, भरली वांगी, जवसाची चटणी, वर कच्चं तेल. विचारायचं वगैरे काही नाही, ताटात पडत राहतं.

जेवण झाल्यावर तिने एक पिशवी पुढ्यात ठेवली. चटणीचे डबे, एक लुगडं, घरच्या शेवंतीचा गजरा ओल्या फडक्यात.

"हे कमलले दे. सांगजो, इंदूनं पाठवलं."

"तूच दे ना. उद्या जाऊ, रात्री राहू. परवा संध्याकाळी ती निघणार आहे. पुन्हा कधी भेटशील?"

"मी नाई येत, माय. मले गाडी लागते."

हे वाक्य आमच्या घराण्यात सगळ्यांना पाठ आहे. इंदूमावशीला गाडी लागते. सुधीरने गाडी आणली तेव्हा ती हौसेने बसली होती, आणि पुढे पुढे तिला जवळच्या व्याळा गावापर्यंत जाणंही होईना. उलट्या, घेरी, घाम. अकोला स्टेशनापर्यंतच पोचत नाही तर रेल्वेत बसणार कधी? यष्टीची पायरी गुडघ्यांना चढत नाही. म्हणून ती कमलमावशीच्या मुलाच्या लग्नाला गेली नाही. माझी आई गेली तेव्हा साताऱ्याला आली नाही. कमलमावशीचे यजमान गेले तेव्हा निघाली होती, अर्ध्या वाटेतून सुधीरने परत आणली. कमलमावशीने त्यानंतर फोन करणं सोडलं. लोकांनी चेष्टाही केली, म्हातारी नखरे करते म्हणून. आणि मी काय केलं? मी कुरिअरने गोळ्या पाठवल्या. आवळासुपारी पाठवली. प्रवासात आलं चघळ, खिडकीपाशी बस, असे सल्ले दिले.

मळ्यातली संध्याकाळ

ऊन उतरल्यावर मी मळ्यात फिरून आले. गोठ्यापाशी येते तो सुधीर पाठीला फवारणीचा पंप लावून गाडीभोवती वाकलेला. पुढची चाकं त्याने लाकडी ओंडक्यांवर चढवली होती आणि नळी आत घालून खालून फवारा मारत होता. तोच जळक्या तेलाचा वास.

"हे काय चाललंय?"

"उद्या तुमी जाऊन राह्यल्या ना, ताई. गाडी तयार करून देतो. इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल न् डिझेल. माती धरतच नाई मंग."

काळ्या मातीचा चिखल काय चीज असते, ते तिथे राहिल्याशिवाय कळत नाही. चाकाला लागला की चाक दुप्पट होतं. म्हणून तिथले लोक ट्रॅक्टरला, वखराच्या पासेला म्हणजे पात्याला, जे जे लोखंड मातीत जातं त्याला तेल मारतात. लोखंडाला ते चांगलंच. सुधीरने तीच माया गाडीवर केली होती, दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, आणि आईला कुठे न्यायचं ठरलं की आदल्या दिवशी खास.

मी पदर खोचला आणि खाली वाकले. मोबाइलच्या उजेडात पुढच्या दोन चाकांच्या मधला आडवा रॉड दिसला. आमच्याकडे गिऱ्हाईक त्याला बॅलन्स रॉड म्हणतं, कंपनीच्या डब्यावर स्टॅबिलायझर बार असं लिहिलेलं असतं. गाडीच्या सांगाड्याला तो दोन बुशांमध्ये, म्हणजे रबराच्या जाड तुकड्यांमध्ये, धरलेला असतो. त्या बुशांच्या जागी मला फुगलेला, भेगाळलेला लगदा दिसला. रॉड हाताने हलवला तर खडखडला. डाव्या टोकाची लिंक, म्हणजे रॉड चाकाशी जोडणारी छोटी दांडी, तर सांध्यात पार मोडून नुसती लोंबत होती.

"सुधीर, रबराला तेल चालत नाही रे. रबर तेल पितं, फुगतं आणि सडतं."

"रबराले काय होते? एवढासा तुकडा."

मी त्याला कसं समजावलं ते सांगते, कारण दुकानात मी हे शंभरदा सांगितलंय पण जू कधी वापरलं नव्हतं. "बैलजोडीचं जू असतं ना, तसा हा रॉड. वळणावर गाडीची एक बाजू खाली दबली की हा दुसऱ्या बाजूलाही खाली ओढतो, म्हणून गाडी सपाट राहते. बैलाची मान जुवात अडकवणाऱ्या शिवळा निघाल्या तर?"

"बैल आपापल्या मतानं चालतीन."

"तेच झालंय. वळण आलं की तुझी गाडी आधी कलंडते, मग सावरते. खड्ड्यात डोलते. आणि खाली मारलेलं तेल इंजिनच्या उष्णतेने तापतं, त्याचा वास आत येतो. तुझ्या हातात स्टिअरिंग असतं, तुला काही होत नाही. मागे बसणाऱ्याला..."

सुधीरच्या हातातली नळी अजून ठिबकत होती.

"म्हंजे आईले गाडी नाई लागत," तो म्हणाला. "माही गाडी लागते."

मी म्हटलं, सगळंच काही त्याच्यामुळे नसेल, वयही असतं. त्याने ऐकलं की नाही, कोण जाणे. पंप उतरवून तो गोठ्यात ठेवायला गेला आणि बराच वेळ तिथेच राहिला.

जुने शहर, अकोला

दुसरा दिवस, बुधवार, गाडीच्या दुरुस्तीत गेला. त्याच दिवशी आम्ही चांदूरला जाणार होतो, रात्री राहणार होतो. पण तसल्या गाडीतून कोणालाच न्यायची माझी तयारी नव्हती आणि मावशीला न्यायचं तर अजून ठरायचंच होतं.

मोर्णा नदीच्या अलीकडेच जुन्या शहरात शिरलो. गल्ल्या इतक्या चिंचोळ्या, की समोरून रिक्षा आली की दोघांपैकी एकाने मोठेपणा दाखवावा लागतो. सुधीरचा मिस्त्री शकीलभाई, तोंडाचा पट्टा अखंड चालू. गाडी दोनदा खालीवर दाबून त्याने निकाल दिला.

"शॉकअप गया. दोन्ही टाकून घ्या ताई, कटकटच खतम."

"शॉकअप ठीक आहेत. खाली बघा."

त्याने पाहिलं. "अरे, ये तो हलवा हो गया!"

"जळक्या तेलाने."

"ते तर समदेच मारते, ताई. पावसाच्या आधी माह्याकडे लाइन लागते लाइन." मग त्याच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते, आणि तो जोरात हसला. "आता तुमी माह्या धंद्यावर उठल्या काय?"

आमची दिवसभर जुंपली होती. त्याचं म्हणणं, नवीन बुशाला ग्रीस चोपडू, सरकन बसते. मी म्हटलं, साबणाचं पाणी लावा. त्याचं म्हणणं, गाडी वर आहे तोवरच बोल्ट आवळून टाकू. मी म्हटलं, आधी चाकं जमिनीवर टेकू द्या, गाडीचं वजन बसू द्या, मग आवळा, नाहीतर रबर पहिल्या दिवसापासून पीळ खाऊन बसतं. एका बाजूचंच बदलू, असंही तो म्हणाला. ते मी हाणून पाडलं. पण लिंकचा जाम बसलेला नट त्याने ज्या सफाईने, नेमकी किती धग द्यायची ते ओळखून सोडवला, ती मला जमली नसती. लिंक दुसऱ्या दुकानातून यायला दुपार उलटली. तोवर सुधीर एका स्टुलावर बसून होता. त्याने चहा सांगितला आणि स्वतःचा तसाच गार होऊ दिला. शेवटी खालून वाफेने सगळं तेल धुऊन काढलं, आणि काढलेले बुश शकीलभाई फेकणार तोच मी मागून घेतले. कशाला, ते मलाही सांगता आलं नसतं.

परत येताना तोच उखडलेला रस्ता, तेच वळण. गाडी सरळ चालली. सुधीरने ते वळण मुद्दाम पुन्हा एकदा फिरून घेतलं.

"ताई," तो म्हणाला, "आईले मीच सांगतो."

काय सांगितलं, कसं सांगितलं, मला माहीत नाही. मी बाहेर खाटेवर बसले होते. आतून फक्त मावशीचा आवाज ऐकू आला. "बरं. जेव आता."

अमरावतीवरून

सकाळी ती नवं लुगडं नेसून तयार. एका हातात लिंबू, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकच्या पिशव्यांची गुंडाळी. पुढच्या सीटवर बसली आणि डोळे घट्ट मिटून घेतले. मी मागे. व्याळा गेलं. अकोला मागे पडलं. मूर्तिजापूरच्या आसपास तिने एक डोळा उघडला.

"हे कोनतं गाव?"

मग प्रत्येक गावाचं नाव विचारत सुटली. कोणाचा कापूस वेचून झालाय, कोणाच्या तुरीवर अळी पडलीय, संत्र्याची बाग कुठे वाळलीय. बायकांना वेचायला आणणाऱ्या टेम्पोंवरही तिने शेरे मारले. सुधीर फक्त हूं हूं करत होता. लिंबू तिने कधी ओच्यात टाकलं, मी पाहिलं नाही.

बडनेऱ्याहून सरळ चांदूरला वळायचं, तर म्हणाली, "अमरावतीले चाल. कमलसाठी बांगड्या घ्याच्या हायेत. काचेच्या. तिले तिथल्याच लागतात." कमलमावशीने काचेच्या बांगड्या कधीच्या उतरवल्या आहेत, हे तिला माहीत होतं. तरी मला नाही म्हणवेना. बाजारात तिने बांगड्या हातात घेतल्या, ठेवल्या आणि शेवटी एक शाल घेतली. मग गिला वडा खाल्ला. दह्यात भिजलेला, वर चिंचेचं आणि तिखट. आमच्याकडे दहीवडा म्हणजे लग्नातला नाजूक पदार्थ. हा गिला वडा भर रस्त्यात उभ्याने खायचा आणि नाक पुसायचं. वाटेत काहीतरी खाऊन पोटात ठेवता येतं, याचंच मावशीला केवढं अप्रूप! तिने दुसरी प्लेट मागितली. आमचा एक तास त्यात गेला. त्या तासाचा मला अजून राग येतो, पण तिचं तोंड आठवलं की राग टिकत नाही.

चांदूर रेल्वे

कमलमावशीचं घर रिकामं झालं होतं. भिंतींवर फोटो काढलेल्या जागा पांढऱ्या दिसत होत्या. गाद्या बांधलेल्या, भांड्यांची पोती शिवलेली. मुलगा काही कामाने बाहेर गेला होता. ती ओसरीवर खुर्चीत बसली होती. आधी मला पाहिलं, हसली. मग माझ्या मागून येणारी इंदूमावशी दिसली.

ती उठली नाही. बघत राहिली.

"गाडीनं आली?"

"हो."

"लागली नाई गाडी?"

"नाई," इंदूमावशी म्हणाली. किती आनंदाने म्हणाली! लहान पोर शाळेतून येऊन सांगतं तसं. "एकडाव बी नाई लागली, कमल."

कमलमावशीने मान हलवली. मग शांतपणे विचारलं, "मंग तवा काहून नाई आली? आमचे हे गेले तवा?"

हा प्रश्न येईल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. सुधीरच्या आलं असावं. तो पिशव्या खाली ठेवून पुढे झाला. "मावशी, ते माह्यानं झालं. मी गाडीले..."

"सुधीर," इंदूमावशीने त्याला मध्येच तोडलं. "डबे राह्यले गाडीत. आन जाय."

"आई, सांगू दे ना."

"आन म्हनतो ना."

तो गेला. पन्नाशीचा माणूस, पण गेला. मी तोंड उघडलं तर मावशीने बोट उचलून मलाही थांबवलं. मग ती बहिणीसमोर जमिनीवर बसली, दुखऱ्या गुडघ्यांसकट.

"चुकलंच माह्यं," ती म्हणाली. "याले पाह्यजे होतं."

"लोक म्हनत, इंदू नखरे करते. मी भांडत होती लोकायसंगं."

"खरंच म्हनत होते लोक."

कमलमावशीने बांधलेली एक गादी पायाने तिच्याकडे सरकवली. मग म्हणाली, "वर बस. गुडघे दुखतीन." चहासाठी भांडी उरली नव्हती. शेजारणीने दोन कप आणून दिले; एकातून मी आणि सुधीर आळीपाळीने प्यालो, एक त्या दोघींना. दोघींनी एकच बशी वापरली. शेवंतीचा गजरा इंदूमावशीने तिच्या हातात दिला, तो तिने हुंगला आणि मांडीवर ठेवला. बोलणं झालं ते माझ्या आईबद्दल, लहानपणच्या विहिरीबद्दल, कोणाकोणाच्या मरणांबद्दल. रागाचं काही निघालं नाही, पण तो गेलाही नव्हता. जायला वेळ लागतो आणि वेळ नव्हता.

उन्हं कलली तेव्हा भाड्याची गाडी दाराशी आली. कमलमावशी शाल पांघरून बसली. काच खाली करून म्हणाली, "बंगलोरले ये. आता काय, तुले गाडी लागत नाई."

"येतो," इंदूमावशी म्हणाली.

टोमणा होता की आमंत्रण, ते मला आजही ठरवता येत नाही. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी इंदूमावशी हात वर करून उभी होती.

त्यानंतर मी साताऱ्याहून कमलमावशीला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तब्येत विचारली, हवा विचारली. बुशांबद्दल बोलले नाही. "माह्या पोराचं नाव तिच्यापाशी घेशीन तर माह्यी शप्पथ हाय," असं इंदूमावशीने मला चांदूरच्या अंगणातच बजावलं होतं. म्हणून माझ्या दुकानात आता कोणीही कसल्याही कामाला आला, तरी मी विचारते, गाडीला खालून तेल मारता का? घरात कोणाला गाडी लागते का? लोक हसतात. हसू देत. ज्यांच्या घरी आहे, ते हसायचे थांबतात, मग मी त्यांना खालून रॉड हलवून बघायला सांगते.

त्या दिवशी परतीच्या वाटेवर इंदूमावशी पुढेच बसली होती. पिशव्यांची गुंडाळी तशीच कोरी, तिच्या मांडीवर. बाहेर तुरी काळवंडत चालल्या होत्या. मूर्तिजापूर आलं, गेलं, अकोल्याचे दिवे दिसायला लागले, तशी ती सरळ होऊन बसली. मागे वळून पाहिलं, मग घड्याळाकडे.

"शोभा," ती म्हणाली, "चांदूर एवढंच लांब होतं काय वं?"

समोरच्या आरशात मला सुधीरचे डोळे दिसले.

"रस्ता आता नवा झाला ना, मावशी," मी म्हटलं. "तेव्हा लांबच होतं."